मत्स्यदया आणि मच्छीमाराची चूल

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांस मालवणचा समुद्र दूरचा वाटेल. पेंचच्या तोतलाडोहाचे पाणी तरी दूर नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. वन्य जीवांसाठी पाणी राखून ठेवताना त्याच पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसाचे काय करावयाचे? आमच्या सभामंडपांत याचे उत्तर तयार असते: ‘मासे मारणे ही हिंसा, ती बंद झाली तर पुण्यच.’ हे उत्तर आम्हांस मुळीच मान्य नाही.

१९८७ साली मालवण येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातील गाभ्याचे ३ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड त्यातच. जेथे गाबीत पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढीत आला, तेथे नकाशावर सरकारी रेघ पडली. मच्छीमारांनी विरोध केला तो प्रवाळाशी वैर म्हणून नव्हे. उद्या आपलीच होडी गुन्हेगार ठरेल, या धास्तीने केला. समुद्र राखणे त्यांस कोणी शिकवावयास नको. मासळीच्या विणीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करूनच पुन्हा जाळे टाकावयाचे, हा नेम कायद्याच्याही आधीचा आहे. दर्या खरवडून नेतात त्या पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौका आणि प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करणारे. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले. केंद्राने २०१७ साली दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. तरी मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. दुबळ्यावर कायदा आणि बळिष्ठावर केवळ कागद, यास संरक्षण कसे म्हणावे?

तोतलाडोहाच्या जलाशयात मासे धरण्याचे ३०५ परवाने पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना मिळाले होते. त्यांस आव्हान दिले गेले, तेव्हा १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले नाहीत. छायाचित्रासह ओळखपत्र असावे, काठावर चूल पेटवू नये, अशा अटी मात्र घातल्या. वन राखावे आणि वनातून उठलेल्या माणसाचाही विचार व्हावा, एवढे तारतम्य न्यायासनाने दाखविले. धर्मासनाने त्याहून कमी का दाखवावे?

जी भूतदया माशापर्यंत पोहोचते आणि मच्छीमाराच्या चुलीपाशी अडखळते, ती दया नव्हे. ती भरल्या पोटाची सोय आहे. ज्या व्यासपीठावरून आमची प्रवचने होतात, त्या व्यासांची माता सत्यवती दाशराजाच्या घरी वाढली आणि यमुनेवर नाव वल्हवीत होती, याचे स्मरण प्रवचनकारांनी ठेवावे.

आमचे म्हणणे इतकेच: सीमेची रेघ ओढण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या माणसास सल्लामसलतीत बसवा; बंदीचा पहिला बडगा यंत्राच्या जाळ्यावर पडू द्या, हाताने ओढलेल्या रापणीवर नव्हे. आणि हे होईपर्यंत पुण्याचा हिशेब मांडण्याची घाई सभामंडपांनी करू नये.