जळणाची करवत

खानापूरकडच्या आमच्या घरी मृगापूर्वी जळण भरून ठेवण्याचा परिपाठ अद्याप टिकून आहे. स्वयंपाकघरात गॅस येऊन किती वर्षे लोटली. पण न्हाणीतला तांब्याचा हंडा अजून लाकडांवरच तापतो. बंद झाला तो जळण तोडणाऱ्या गड्यांचा राबता. त्यांची मुले आता बेळगावला उद्यमबागेतील फाउंड्रीत जातात, आणि ते योग्यच आहे.

म्हणून गेल्या वर्षी धाकट्या भावोजींनी यंत्राची करवत आणली. पेट्रोलची, अठ्ठावन्न सीसीची, बावीस इंची. "वहिनी, आता दोन तासांत सगळे जळण!" असे म्हणून त्यांनी अंगणातील फांद्यांच्या ढिगाला ती लावली. करवतीचे टोक पलीकडच्या एका फांदीला टेकले मात्र, ते सहा-सात किलोंचे धूड त्यांच्या तोंडाकडे उसळले. मनगट पुढच्या दांडीवर आपटल्याने ब्रेक लागला आणि साखळी थांबली. मी मागच्या पडवीत सूप घेऊन उभी होते. तांदूळ कधी सांडले, ते कळलेही नाही.

त्या रात्री भावोजी फारसे जेवले नाहीत. पुढे कित्येक दिवस आमच्या घरी करवतीखेरीज दुसरा विषय नव्हता. त्या चर्चेतून जे हाती आले, ते येथे देते.

पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग हाच सगळ्यांत धोक्याचा. फिरती साखळी तेथे लाकडात अडकली की सगळे यंत्र उलट झेप घेते. म्हणून घेताना दुकानातच ब्रेक लावून, सोडून पाहावा; दुकानदार कंटाळला तरी चालेल. लांब पट्टीचा मोहही नको. घरच्या जळणात फूटभर जाडीचा ओंडका विरळाच. त्याला चौदा ते सोळा इंच पुष्कळ झाले.

पेट्रोल की वीज, या प्रश्नावर मात्र आमच्याकडे बरेच वाजले. बागेत दूरवर पडलेले झाड कापायचे असेल, तर पेट्रोलला पर्याय नाही. पण आमचे काम वर्षाकाठी आठ दिवसांचे, तेही अंगणात. उरलेले वर्षभर टाकीत राहिलेले पेट्रोल खराब होऊन कार्बुरेटर चिकटतो, आणि ऐन चैत्रात यंत्र सुरूच होत नाही. शिवाय पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळावे लागते. पुस्तिकेत पन्नासास एक असे प्रमाण दिले असेल, तर लिटरला वीस मिलिलिटर. ते विसरले की इंजिन जाम. विजेच्या करवतीला ही कटकट नाही. दोन हजार वॅटच्या करवतीला सोळा अँपिअरचे प्लग आणि जाड वायर हवी, एवढेच. व्होल्टेज उतरले की मोटर तापते, तेव्हा सकाळच्या वेळी काम उरकावे. बॅटरीवरची करवत हलकी आणि सुटसुटीत खरी, पण बॅटरीची किंमत ऐकून आम्ही तो विचार सोडला.

साखळीसाठीचे तेल मात्र विजेच्या करवतीलाही लागते. त्याची टाकी वेगळी असते. धार गेल्याचे लाकूडच सांगते. जाड कीस पडायचा थांबून पिठासारखा भुसा पडू लागला, की गोल कानस हाती घ्यावी. मातीचा किंवा दगडाचा एक स्पर्शही धार घालवतो, म्हणून ओंडके जमिनीवर न ठेवता लाकडी घोड्यावर ठेवावेत. लुंगी, उपरणे, सैल बाही नको. बूट, चष्मा आणि कानांत बोळे हवेत. खांद्याच्या वर करवत उचलू नये. आणि उभ्या झाडाला हात लावण्याआधी वनखात्याची परवानगी हवी की नको, ते विचारून घ्यावे. कर्नाटकात १९७६ चा आणि गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे.

करवत फक्त तुकडे करते. ते फोडण्याचे काम आजही कुऱ्हाडीचेच, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही; आमच्याही आले नव्हते.

यंदा विजेच्या सोळा इंची करवतीने फणसाच्या वाळल्या फांद्यांचे जळण तीन सकाळींत झाले. भावोजी कापत होते आणि मी वायर सावरत होते. ती बावीस इंची अजून माळ्यावर आहे. गिऱ्हाईक मिळालेले नाही, आणि ती कुणाच्या हाती द्यावी असे भावोजींनाही वाटत नाही.