फुलझाडांवर तांब्याचे औषध फवारताना

पावसाळा लागला की गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके येतात. पाने पिवळी पडून गळतात. मग शेजारचे कोणीतरी सांगते, ‘कॉपर मारा.’ कृषी सेवा केंद्रातून निळसर हिरव्या पावडरीचे पाकीट घरी येते. बहुतेक वेळा ते कॉपर ऑक्सिक्लोराइड असते. औषध उपयोगी आहे, पण त्याची पथ्ये पाळावी लागतात.

आधी एक समजून घ्या. हे औषध रोग बरा करत नाही, त्याला पसरू देत नाही. पानावर त्याचा पातळ थर बसतो आणि त्या थरावर बुरशी रुजत नाही. डागाळलेले पान पुन्हा हिरवे होणार नाही. डाग जात नाहीत म्हणून मात्रा वाढवाल, तर उरलेली चांगली पानेही करपतील.

तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण पितो, मग या तांब्याचे काय भय, असे मनात आणू नका. ही पावडर विषारीच आहे. पाकिटावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा असला तरी पोरांच्या हाती देऊ नका.

विकत घेण्याआधी झाड नीट बघा. मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर तांब्याने तो मरणार नाही. पानांवर पांढरी भुरी असेल तर सहसा गंधकाचे औषध लागते. ओळखता येत नसेल तर रोगट फांदी पिशवीत घालून दुकानात दाखवा. किंवा किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर विचारा. फोन फुकट आहे.

बिनपैशाचे उपाय आधी करा. डागाळलेली पाने खुडा. खाली पडलेली पाने गोळा करून कचऱ्यात टाका, कुंडीत कुजू देऊ नका. कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, वारा खेळू द्या. पाणी सकाळी आणि मुळाशी घाला. कितीतरी घरांत एवढ्यावरच भागते.

तरीही फवारायचे ठरले, तर मोजून घ्या. पन्नास टक्क्यांच्या पावडरीची मात्रा साधारणपणे एक लिटर पाण्याला 2.5 ते 3 ग्रॅम असते. तुमच्या पाकिटावर वेगळे लिहिले असेल, तर पाकिटाचेच ऐका. अंदाजाने चिमूट टाकू नका. यासाठी छोटा काटा, बादली आणि काडी वेगळी ठेवा. स्वयंपाकघरातला चमचा एकदा यात घातला, की पुन्हा घरात वापरायचा नाही.

पावडर आधी थोड्या पाण्यात कालवा, मग बाकीचे पाणी घाला. भांडे प्लॅस्टिकचे घ्या, लोखंडी नको. त्यातच कीटकनाशक किंवा खत मिसळू नका. लागेल तेवढेच बनवा आणि त्याच दिवशी संपवा.

पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क घाला. मधे तंबाखू, चहा, काही तोंडात घालू नका. पहिल्यांदा चार-पाच पानांवरच मारून दोन-तीन दिवस वाट बघा. पाने करपली नाहीत, तर बाकीच्या झाडावर मारा.

वेळ सकाळची धरा. पाने कोरडी असावीत, वारा पडलेला असावा आणि त्या दिवशी पावसाचे चिन्ह नसावे. भर उन्हात नको. ढगाळ, दमट हवेत पाने लवकर वाळत नाहीत, तेव्हाही टाळा. झाड फुलांनी भरले असेल आणि मधमाश्या येत असतील, तर थांबा.

गॅलरीत फवारणार असाल तर खालच्या मजल्यावर आधी सांगा. त्यांचे कपडे किंवा पापडाचे वाळवण बाहेर असू शकते. तुळस, कढीपत्ता, पुदिना बाजूला न्या. मांजर, कुत्रा घरात ठेवा.

पाण्याची विशेष काळजी घ्या. तांबे माशांना मारते. कमळाच्या टाकीत किंवा विहिरीत डासांसाठी गप्पी मासे सोडले असतील, तर तिथे एक थेंबही जाऊ देऊ नका. पंप विहिरीवर किंवा नाल्यात धुऊ नका. तांबे मातीत कुजून नाहीसे होत नाही. दरवर्षी मारत राहिलात, तर ते कुंडीत साठते आणि गांडुळांना बाधते.

अंगणातल्या मोठ्या झाडांच्या बुंध्याला पावसाआधी बोर्डो मलम लावतात. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात विरघळवा. 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात भिजवा. चुना भिजताना तापतो आणि उडतो, तोंड लांब ठेवा. गार झाला की मोरचुदाचे पाणी हळूहळू चुन्यात ओता आणि ढवळा. मग स्वच्छ लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. आणखी चुन्याची निवळी घाला, नाहीतर झाड भाजते.

काम झाले की साबणाने आंघोळ करा. ते कपडे वेगळे धुवा. उरलेली पावडर तिच्याच पाकिटात, कुलपात ठेवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत किंवा मसाल्याच्या डब्यात कधीही भरू नका.

डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. कोणाच्या पोटात गेले, तर आपल्या मनाने उलटी करवू नका. लगेच दवाखाना गाठा आणि पाकीट सोबत न्या. काय पोटात गेले हे कळले, की डॉक्टरांना उपचार लवकर सुरू करता येतात.

पाकीट फोडण्यापूर्वी त्यावरचे मराठी पत्रक एकदा घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. औषध कुठे ठेवले आहे आणि काय झाले तर काय करायचे, हे प्रत्येकाला ठाऊक असू द्या.