सहा महिन्यांची सुई आणि रोजची गोळी

एचआयव्हीपासून बचावासाठी वर्षातून दोनदाच घ्यायच्या ‘लेनाकापाविर’ इंजेक्शनला अमेरिकेने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या भारतीय कंपन्या ते २०२७ पासून अनेक देशांना वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार आहेत. हर्णे बंदरातून अनेक दिवसांसाठी समुद्रावर जाणाऱ्या खलाशालाही अशी सुई सोयीची वाटेल. (मच्छीमारांवर ठपका ठेवायचा नाही, प्रश्न घरापासून दूर काढलेल्या दिवसांचा आहे.) पण ती लागण नसलेल्यांसाठी आहे. लागण झालेल्याला रोजची गोळी का सुटत नाही, हे विषाणूच्या वागण्यातून कळते.

एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस. आपली पेशी डीएनएवरून आरएनए बनवते; हा विषाणू उलट्या दिशेने जातो. सीडी४ या पांढऱ्या पेशीत शिरताना तो रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर सोबतच आणतो आणि आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. मग इंटिग्रेज हे दुसरे विकर तो डीएनए पेशीच्या गुणसूत्रात घुसवते. आता विषाणू पाहुणा राहिला नाही, सातबाऱ्यावर नाव चढलेला हिस्सेदार झाला. पेशीच त्याचे नवे विषाणू घडवते. काही पेशींत मात्र तो वर्षानुवर्षे गप्प पडून राहतो.

सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळणाऱ्या ‘टीएलडी’ गोळीतील टेनोफोव्हिर व लॅमिव्हुडिन पहिल्या विकराला अडवतात, डोलुटेग्राविर दुसऱ्याला. नव्या पेशी वाचतात. चढलेली नोंद तशीच राहते. म्हणून गोळी बंद झाली की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परततो. शिवाय नक्कल करताना तो चुका फार करतो. गोळ्या अधूनमधून चुकल्या, तर त्याच चुकांतून औषधाला दाद न देणारे विषाणू निपजतात. लागण असताना बचावाची सुई एकटीच घेतली तरी हाच धोका. त्यामुळे आधी तपासणी हवीच.

नियमित गोळीचा फायदा जोडीदारालाही होतो. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या एचपीटीएन ०५२ या चाचणीत, उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसले.

२०१७ च्या कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण बोटीवर सगळे खलाशी एकत्र जेवतात, एकत्र झोपतात. तिथे डबी लपवायची कुठे? निदान १ ऑगस्टला मासेमारी सुरू होण्याआधी पुढच्या काही महिन्यांच्या गोळ्या एकदम हाती पडल्या, तर केंद्रावरची फेरी चुकली म्हणून औषध तुटणार नाही.