विजेची मोटार, मऊ पेडल आणि आपले गॅरेज

परंड्याचा किल्ला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना आपण मोठ्या अभिमानाने सांगतो की, विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ एके काळी येथे होती. १५४९ साली अहमदनगर येथे मुहम्मद रूमी या कारागिराने ती ओतली आणि १६३२ साली ती परंड्याहून विजापूरला नेण्यात आली. धातू ओळखणाऱ्या हातांची कदर या मुलखात जुनी आहे. प्रश्न एवढाच की, आजचे आपले मिस्त्री नव्या कामापुढे हात टेकणार काय?

हा प्रश्न आम्ही एका साध्या घटनेवरून विचारीत आहोत. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे विजेवर चालणारी मोटार आहे. बार्शीहून परतताना ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले. घरी पोहोचेपर्यंत ते निम्म्याहून खाली जाऊ लागले होते. एका गॅरेजवाल्याने सांगितले, "करंटची गाडी आहे, आम्ही हात लावत नाही." दुसऱ्याने चाकही न उघडता मास्टर सिलिंडर बदलायला सांगितला. शेवटी गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून मोठ्या शहरात न्यावी लागली. तेथे निघाले काय? मागच्या होज पाइपाच्या जोडावरचा वॉशर गळत होता. ऑइल कमी होत गेले आणि पाइपात हवा शिरली. वॉशर किरकोळ किमतीचा, पण दोन दिवस धंदा बंद आणि हजारोंचा खर्च!

आमचे स्पष्ट मत आहे की, दोन्ही मिस्त्री चुकले. पहिला भीतीने चुकला, दुसरा अंदाजपंचे कामाने. विजेच्या बहुतेक मोटारींत चाकांचे ब्रेक आजही ऑइलच्या दाबावरच चालतात. मास्टर सिलिंडर, पाइप, कॅलिपर, पॅड हे सारे आपल्या ओळखीचे आहे. दाब का मिळत नाही, हे शोधण्याची रीतही तीच.

पेडल दोन-तीनदा लागोपाठ दाबल्यावर वर येऊन घट्ट होत असेल, तर पाइपात हवा आहे, किंवा मागच्या ड्रममध्ये लायनरचे अंतर वाढले आहे. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली जात असेल, तर आधी बाहेर गळती शोधावी. बाहेर कोठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवर संशय घ्यावा. जुना होज दाबाखाली फुगतो, त्यानेही पेडल मऊ लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले की त्या ऑइलची वाफ होते आणि पेडल दबते, पण गाडी थांबत नाही.

विजेच्या गाडीत वेगळे काय, तेही समजून घेतले पाहिजे. पाय उचलताच मोटर उलटी वीज तयार करून गाडीचा वेग कमी करते, म्हणून पॅड कमी झिजतात. गिऱ्हाईक समजते की ब्रेकला काही झालेच नाही. परंतु ऑइल किलोमीटरवर नव्हे, काळावर जुने होते. वापर कमी असल्याने डिस्कला गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. बॅटरी पूर्ण भरलेली असताना मोटरची ही रोख कमी मिळते. तेव्हा ब्रेक वेगळा लागतो, पण तो दोष नव्हे. आणखी एक खूण म्हणजे, ब्रेकला जोर देणारा बूस्टर बंद पडला तर पेडल मऊ नव्हे, कडक होते.

धैर्य हवे, पण बेफिकिरी नको. बॅटरी गाडीच्या तळाशी असते. जॅक चुकीच्या ठिकाणी लावला तर लाखोंचे नुकसान होईल. कंपनीने खूण केलेल्या जागीच गाडी उचलावी. नारिंगी रंगाच्या केबलला हात लावू नये. काही गाड्यांत पेडल आणि चाकांमध्ये संगणक असतो. तेथे वरच्या परीक्षा लागू पडत नाहीत आणि हवा काढायलाही स्कॅनर लागतो. एबीएसच्या पेटीत अडकलेली हवाही अनेकदा त्याशिवाय निघत नाही. असे काम साधन नसताना घेऊ नये, आणि गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही. ब्रेक ही एका कुटुंबाच्या जिवाची जबाबदारी आहे.

आता व्यवहाराचे बोलू. एकट्याला स्कॅनर परवडत नसेल तर चार गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांचा अभ्यासक्रम आला आहे. घरातल्या एका मुलाला तरी तिकडे पाठवावे. काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवावा, आणि ऑइल कोणत्या तारखेला बदलले ते वहीत लिहावे.

व्यापारी बांधवांनाही आमचे दोन शब्द आहेत. मिस्त्रीने तासभर तपासून शेवटी वॉशर बदलला, तर आपण म्हणतो, "वॉशरचे एवढे पैसे?" मग तो पुढच्या वेळी न तपासता महागडा भाग बदलायला सांगतो. अंदाजाच्या धंद्याला आपणच खतपाणी घालतो. तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती खुशीने द्यावी. पेडल मऊ लागताच, "घरापर्यंत तरी जाईल" असे न म्हणता गाडी तेथेच उभी करावी.

विजेच्या गाड्या वाढत जाणार, यात शंका नाही. त्यांचे काम परंड्यातच होईल की बाहेर जाईल, हे आज आपले मिस्त्री आणि त्यांचे गिऱ्हाईक दोघे मिळून ठरवीत आहेत.