दाबून पाहिले, सरकवून कोणी पाहायचे?

एखाद्या पुलाच्या किंवा मोठ्या इमारतीच्या कामावर तुम्ही गेला असाल, तर काँक्रीटचे चौकोनी ठोकळे पाण्यात बुडवून ठेवलेले पाहिले असतील. ठोकळ्याची प्रत्येक बाजू १५ सेंटिमीटर. २८ दिवसांनी तो यंत्रात दाबायचा, किती भाराला फुटतो ते लिहून घ्यायचे, की काँक्रीटची परीक्षा झाली. दर चौरस मिलिमीटरला निदान २० न्यूटन दाब सोसणारे काँक्रीट ते ‘एम-२०’. विटेचीही परीक्षा अशीच, दाबून. आपल्याकडे ‘मजबूत’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘दाबाला न फुटणारे’ असा झाला आहे. माझी तक्रार या अर्थाबद्दल आहे. ती धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे मुद्दाम मांडतो, कारण या अपुऱ्या अर्थाची किंमत या जिल्ह्याने आणि शेजारच्या लातूरने मोजलेली आहे.

पदार्थावर बल तीन तऱ्हांनी येते. दाबणारे, ताणणारे आणि एका थरावरून दुसरा थर सरकवू पाहणारे. या तिसऱ्या प्रकाराला कर्तन म्हणतात. इंजिनिअर मंडळी ‘शिअर’ म्हणतात. अडकित्त्यात सुपारी फुटते ती कर्तनाने. दोन पाती समोरासमोर येत नाहीत, एकमेकींच्या शेजारून जातात, आणि मधली सुपारी अर्धी इकडे, अर्धी तिकडे सरकते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी लोखंडी खीळ तुटते तीही अशीच. कर्तन-बलाला ज्या पृष्ठावर ते काम करते त्याच्या क्षेत्रफळाने भागले, की कर्तन प्रतिबल मिळते. व्याख्या एवढीच, आणि बहुतेक वर्गांत कर्तनाची गोष्ट या व्याख्येपाशीच संपते. तारेला वजने लटकवून यंगचा गुणांक काढण्यात तास जातात, कर्तनाच्या वाट्याला मात्र दोन ओळी येतात.

आता ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवू. तुमचा जन्म तेव्हा झालेला नव्हता. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. जगातील भूकंपांच्या मानाने हा मध्यमच म्हणायचा. मग एवढी माणसे का मेली?

उत्तर घरांच्या भिंतींत होते. दगड-मातीच्या, दोन-तीन फूट आणि कुठे त्याहून जाड भिंती; वर लाकडी खणांवर पांढऱ्या मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात गार, चोराला दाद न देणारे असे हे घर. भिंत जितकी जाड तितकी भक्कम, असे सगळे मानत. वाडवडिलांची ही समजूत मूर्खपणाची नव्हती. वरून येणाऱ्या भाराला ती भिंत खरोखरच भक्कम होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दुसरा भार माहीतच नव्हता.

माळवदाचा हिशेब तुम्हीच करून पाहा. एक घनमीटर माती सुमारे १.७ टन भरते. अर्धा मीटर जाडीचा थर धरला, तर १२ चौरस मीटरच्या लहानशा खोलीवर जवळजवळ १० टन माती झाली. भूकंपात जमीन आडवी हलते. समजा, ती गुरुत्वत्वरणाच्या पाचव्या हिश्शाइतक्या त्वरणाने हलली, तर या १० टनांमुळे भिंतींच्या माथ्यावर २ टनांचा आडवा रेटा येतो. भिंतीचे स्वतःचे वजन वेगळेच. हा रेटा दगडांना दाबत नाही, तो त्यांना एकमेकांवरून सरकवतो.

सरकण्याला विरोध दोन गोष्टी करतात. एक, दगड आणि माती यांची एकमेकांना असलेली चिकट धर. दुसरी, वरच्या वजनामुळे निर्माण होणारे घर्षण. फ्रान्सचा चार्ल्स ऑगस्टिन कूलोम याने १७७३ मध्ये अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात ही विभागणी मांडली. होय, विद्युत्‌भारांच्या नियमातला तोच कूलोम. तो मुळात लष्करी इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची काही वर्षे गेली होती, आणि दगड सरकवून तोडण्याचे प्रयोग त्याने स्वतः केले होते. आपल्या भारतीय मानकातही हेच सूत्र आहे. विटांच्या भिंतीला चांगल्या सिमेंटच्या सांध्यात जे कर्तन प्रतिबल मान्य आहे, ते ०.१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर अधिक वरच्या दाबाचा सहावा हिस्सा, आणि काही झाले तरी ०.५ पेक्षा जास्त नाही. एम-२० काँक्रीटच्या तुळईतही सळई कमी असेल, तर हिशेबात धरायचे कर्तनबल ०.३६ च्या आसपास असते. दाबाला २० आणि सरकण्याला ०.३६! दाबाच्या परीक्षेत पहिला आलेला पदार्थ या विषयात काठावर पास होतो.

आता जाड भिंतीची समजूत या सूत्रावर घासून पाहू. भिंत दुप्पट जाड केली की सांध्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते, म्हणून धरही दुप्पट. वजन दुप्पट, म्हणून घर्षणही दुप्पट. पण भूकंपाचा रेटाही वजनाच्याच प्रमाणात असतो, तोही दुप्पट. म्हणजे भिंतीच्या स्वतःच्या वजनापुरते पाहिले तर हाती काहीच लागले नाही. आणि दगडांमधली माती भेगाळलेली किंवा पावसात भिजलेली असली, की धर जवळजवळ शून्यावर येते.

याहून वाईट गोष्ट भिंतीच्या पोटात होती. या जाड भिंती एकसंध नव्हत्याच. बाहेरच्या बाजूला घडीव दगडांची एक रांग, आतल्या बाजूला दुसरी आणि मधे दगडगोटे व माती यांची भर. म्हणजे दोन पातळ भिंती शेजारी शेजारी उभ्या. त्यांच्यामधला सांधा उभा असतो. आडव्या सांध्यावर वरचे वजन दाबून असते, म्हणून तिथे घर्षण तरी मिळते. उभ्या सांध्याला कोण दाबणार? उलट मधली भर दोन्ही रांगांना बाहेर ढकलते. कूलोमच्या सूत्रातील दुसरे पद तिथे नाहीसेच होते, पहिले पद मातीच्या भरवशावर राहते. हादरे बसताच भिंत फुगली, दोन रांगा विलग झाल्या आणि माळवद खाली आले.

यावरचा उपाय किती साधा आहे पाहा. भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब दगड मधे मधे आरपार घालायचा. दगड-मातीच्या बांधकामासाठी १९९३ मध्येच निघालेले भारतीय मानक सांगते, की असा दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर असावा. शंभर वह्यांची चळत हाताच्या धक्क्याने पसरते, पण मधून दाभण आरपार घातला तर पसरत नाही, तत्त्व तेच. जुन्या भिंतींसाठी भूकंपानंतर सुचवलेला उपायही असाच. भिंतीला आरपार भोक पाडायचे, आत सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे.

किल्लारीनंतर लोकांनी शिक्षा केली ती मात्र दगडाला. दगडाच्या घरात पुन्हा झोपायचे नाही, असे कित्येकांनी ठरवले. ज्यांनी माणसे गमावली त्यांच्या भीतीला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण विज्ञानाच्या वर्गात तरी खरा दोषी ओळखला पाहिजे. ढिगाऱ्यातून निघालेला काळा दगड अखंड होता. याच जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही काळातील दगडी बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पाण्याचा रेटा भूकंपासारखाच आडवा असतो. १० मीटर खोल पाण्याचा बंधाऱ्याच्या दर मीटर लांबीवर ५० टन रेटा येतो. बोरीचे पूर चारशे वर्षे त्याच्या अंगावरून जात आहेत. तोच काळा दगड, पण तिथे तो नीट घडवलेला, एकमेकांत गुंतवून चुन्यात बसवलेला आहे.

कोणी म्हणेल, आता सगळीकडे स्लॅबची घरे झाली, हा प्रश्न संपला. मला तसे वाटत नाही. स्लॅबच्या घरातही कर्तन सोसायला खांबात आणि तुळईत सळईच्या रिंगा असतात. खर्च वाचवायला पहिल्यांदा हात जातो तो रिंगांवरच. नऊ इंचांवर बांधल्या काय आणि चार इंचांवर बांधल्या काय, काँक्रीट ओतल्यावर कोणाला दिसत नाही. ठोकळा दाबून त्या मोजताही येत नाहीत. शिवाय पुष्कळ ठिकाणी जुन्या मातीच्या भिंतीवरच नवा जड स्लॅब टाकलेला असतो. त्यात भर म्हणजे माथ्यावरचे वजन जसेच्या तसे राहते.

म्हणून माझे म्हणणे असे, की जिल्ह्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेने कर्तनाची एक परीक्षा स्वतः करावी. यंत्राची गरज नाही. तीन विटा घ्या. त्या उभ्या करून रुंद बाजूने एकमेकींना गाऱ्याने चिकटवा, पण मधली वीट दोन सेंटिमीटर वर सरकवून. गारा वाळू द्या. मग बाहेरच्या दोन विटा दोन फळ्यांवर टेकवा, मधली अधांतरी राहील. तिच्या माथ्यावर लाकडी ठोकळा आणि फळी ठेवून थोडी थोडी वाळू टाकत जा. मधली वीट निसटेल तेव्हा वाळूसह सगळे वजन करा आणि दोन्ही सांध्यांच्या एकूण क्षेत्रफळाने भागा. समजा, प्रत्येक सांधा २०० चौरस सेंटिमीटरचा आहे आणि ४० किलोला वीट सरकली; तर उत्तर आले दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलोग्रॅम भार, म्हणजे ०.०१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. पाय खाली ठेवू नका आणि शिक्षक हजर असल्याशिवाय वाळू टाकू नका.

एकच नमुना करून थांबू नये. विटा सारख्या नसतात, हातही सारखे नसतात. प्रत्येक गाऱ्याचे निदान पाच नमुने करावेत आणि सरासरीबरोबर सर्वांत कमी आकडाही लिहावा, कारण भिंत सरासरीने पडत नाही, कच्च्या सांध्यापाशी पडते. गावातली माती, माती व चुना, एकास सहा सिमेंट. आणि सिमेंटचे दोन संच, एक २८ दिवस पाणी मारलेला, दुसरा तसाच उन्हात सोडलेला. या शेवटच्या दोहोंतला फरक फळ्यावर लिहिला, तर पाणी मारण्याबद्दल मिस्त्रीला आणि घरमालकाला वेगळे सांगावे लागणार नाही. मातीचा एक संच तोडण्यापूर्वी रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावा. लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील शाळांनी आपल्या वहीत माती कोणत्या शिवारातली तेही नोंदवावे. परंड्याच्या आणि भूमच्या मुलांचे आकडे त्यांच्याशी जुळतात का, हे पाहण्यासारखे आहे.