संघ हरला, मग?

हिवाळ्यात शनिवारी इंग्लंडमध्ये दुपारी ३ वाजता सामना सुरू होतो, तेव्हा आपल्या शहाद्या-तळोद्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात! तिथल्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. आणि तळाचे ३ संघ थेट खालच्या लीगमध्ये!

संघ खाली गेला की त्याचे चाहते पळून जातात का? छे! लेस्टर सिटीचंच बघा. २०१६ मध्ये हा संघ अजिंक्य ठरला आणि २०२३ मध्ये खाली घसरला. तरी लोक निळे शर्ट घालून मैदानावर येतच राहिले.

असे फुटबॉलवेडे आपल्या महाराष्ट्रातही आहेत बरं का! कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या संघांची नावंच बघा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. कुस्तीच्या तालमी आणि फुटबॉलचे संघ! पेठेतला पोरगा लहानपणापासूनच आपल्या तालमीचा. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

पण ईर्ष्या हाताबाहेर गेली की हुल्लडबाजी होते आणि खेळाचा विचका होतो. म्हणून आपला संघ सोडू नका आणि दुसऱ्याच्या संघाला शिव्याही देऊ नका.

आता तुमचा वर्ग सामना हरला, तर टाळ्या वाजवायला थांबाल ना? जिंकल्यावर काय, सगळेच वाजवतात!