वेळापत्रक आणि कमाटीबागेतली ममी

आमची नात सहा वर्षांची. शाळेत घातलेली नाही, सूनच घरी शिकवते. इतिहासाला सूझन वाइज बाऊर यांचं 'द स्टोरी ऑफ द वर्ल्ड'. भाग चार, वर्षं चार. पहिल्या भागात भटक्या टोळ्यांपासून शेवटच्या रोमन सम्राटापर्यंत ४२ धडे. वेळापत्रक आयतं: आठवड्याला एक धडा, मग नकाशा रंगवायचा, ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. मला हे पटतं. आम्ही इतिहास तुकड्यातुकड्यांनी शिकलो, हिला आधी कोण नि नंतर कोण ते नीट कळतंय.

इजिप्त चालू होतं म्हणून तिला कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेलं. ममीसमोरून हलेचना. "आजी, ही बडोद्यात कशी आली?" म्हटलं, सयाजीराव महाराजांनी १८९५ मध्ये आणली. "ते कोण?" घरी येईपर्यंत तेच.

सून म्हणाली, "आई, ते चौथ्या वर्षात येतील. आता सुमेर घ्यायचंय, आधीच दोन धडे मागे पडलोय."

मागे? कोणाच्या? परीक्षा नाही, इन्स्पेक्टर नाही. शाळेची घाई नको म्हणून तर पोरीला घरी ठेवली ना! (तीही त्या महाराजांच्या गावात, ज्यांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.) धड्यांचा क्रम जरूर पाळा, पण तारखा पेन्सिलीने लिहा. सहा वर्षांच्या पोरीचा प्रश्न तीन वर्षं टिकत नाही. आणि गायकवाडांबरोबर आपली माणसं इथे कशी आली, हे तर त्या चारही भागांत नाही, ते आपणच सांगायचं.

रविवारी पुन्हा जाणार आहोत. सुनेला म्हटलंय, तूही चल.